अठ्ठावन्न पीएसआय

आधी गॅसचा सिलिंडर बंद केला,
मग फ्रिज, मग देवापुढचं निरांजन.
कारण या घरात इंजिन
ओट्यापासून दीड हातावर आहे,
दोन सीटांच्या मधोमध, रेक्झिनच्या झाकणाखाली.
त्या झाकणावर मी रोज कोथिंबीर निवडते.

सालोमनने झाकण उचललं.
"बाई, हे तर घरात इंजिन."
"इंजिनात घर," हे म्हणाले.

पंपाचा फ्यूज काढायचा, स्टार्टर मारायचा.
लाइनमधलं उरलंसुरलं पेट्रोल पिऊन
इंजिन दोनदा खोकतं, गप्प होतं.
असं उपाशी ठेवल्याशिवाय
नळीला पाना लावायचा नाही.
मग बॅटरीची निगेटिव्ह.
मग थेंब टिपायला जुनं कापड:
यांच्या निरोपसमारंभातली शाल.
कुठेतरी कामाला आली.

पितळी टी नाना पेठेत मिळाला नाही.
सात दुकानं फिरलो.
एक जण म्हणाला, हे आटे आपल्या देशाचे नाहीत.
शेवटी भोसरीत लेथवरच्या
वनिता खुडे नावाच्या मुलीने
डोळा बारीक करून मोजले: इंचाला सत्तावीस.
वीस मिनिटांत टी फिरवून दिला,
गरम, वर्तमानपत्रात गुंडाळून,
भजी द्यावीत तसा.

सालोमन टेफ्लॉन टेप गुंडाळायला लागला.
मी म्हटलं, नको.
तिचे धागे सुटतात, इंजेक्टरच्या नाकात जाऊन बसतात.
तो थांबला, यांच्याकडे बघितलं.
"तिचं ऐक," हे म्हणाले,
"पिंपरीत एकोणतीस वर्षं प्रेशर गेज तपासलीत तिने."

तपासली खरी.
दुसऱ्यांच्या बॉयलरची, दुसऱ्यांच्या कॉम्प्रेसरची,
प्रत्येकावर माझ्या सहीचं पिवळं स्टिकर
आणि पुढच्या तपासणीची तारीख.
आमचं म्हणावं असं हे पहिलंच.

सेन्सरला तीन तारा.
पाच व्होल्ट, अर्थ, आणि तिसरी बोलणारी.
रेलवर थेट बसवला नाही,
थरथरीने मान मोडते त्याची.
वीतभर होज दिला, चॅसिसला पट्ट्याने आवळला.
"बीपी बघताना दंडाला बांधतात तसा," सालोमन म्हणाला.
हे खिडकीबाहेर बघू लागले.

फ्यूज परत. चावी.
पंप गुणगुणला, आकडा चढला:
अकरा, चाळीस, अठ्ठावन्न.
जोडाशी टॉर्च धरून पाच मिनिटं बसले,
नाक लावून, बोट फिरवून.
कोरडं.

संध्याकाळी बोपदेव घाट.
इथेच तीनदा बंद पडलो होतो
आणि तिन्ही वेळा भांडलो होतो.
हे म्हणायचे कॉइल,
मी म्हणायचे तुमचा पाय.
आज मी रस्ता बघितलाच नाही.
आकडा वाचत राहिले, मोठ्याने,
कारखान्यात शिडीवरून खाली ओरडायचे तशी.
सत्तावन्न. पंचावन्न.
पहिल्या वळणावर मागे डबे सरकले,
एकोणपन्नास.
दुसऱ्यावर कोंढव्याचे दिवे खाली गेले,
बेचाळीस.
तिसऱ्यावर चौतीस,
आणि इंजिन तेच जुनं खोकलं.

म्हणजे कॉइल नव्हती.
पायही नव्हता.
टाकीतला पंप थकलाय, नाहीतर फिल्टर तुंबलाय;
सेन्सर काही दुरुस्त करत नाही,
फक्त कुणाला बोल लावायचा नाही ते सांगतो.

गाडी कडेला घेतली.
मागच्या चाकाला मी दगड लावला.
"चौतीस," हे पुन्हा म्हणाले,
आणि हसले, कितीतरी दिवसांनी.
मागून एक टेम्पो हॉर्न देत गेला.
मग बऱ्याच वेळाने, स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून:
"ते तुझं पट्ट्याचं यंत्र... आणलंयस?"

आणलंय. वरच्या कप्प्यात, दोन वर्षांपासून.
पण आधी पाच मिनिटं शांत बसा.
घाट चढताना घेतलेला आकडा
इंजिनाचा धरतात,
माणसाचा नाही.